शिरपामाळावरची गारठलेली जीप आणि ‘नॉकिंग’चा इतिहास

शिरपामाळ म्हटले की आपले धागे थेट १६६४ च्या जानेवारीत जातात. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम, जव्हारच्या विक्रमशहांची भेट आणि तो शिरपेच, ज्यावरून माळाला हे नाव पडले असे परंपरा सांगते. आजचा धागा जानेवारीतल्या पहाटेचाच आहे, पण घोड्यांचा नव्हे, इंजिनांचा.

जव्हार-मोखाड्याच्या पठारावर रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली डिझेल जीप सुरू केली की आधी खडखडते. ‘नॉकिंग आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः या एका शब्दाखाली अगदी परस्परविरुद्ध दोष दडलेले आहेत.

आधी पेट्रोलची कथा. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर देणारे चार्ल्स केटरिंग यांच्यावर लवकरच आळ आला की त्यांच्या बॅटरीवरील प्रज्वलनामुळेच इंजिन ठोकते. १९१६ मध्ये त्यांनी हे कोडे थॉमस मिडग्ले या तरुण अभियंत्याकडे सोपवले. दोघांचा पहिला तर्क विलक्षण होता : बर्फातही फुलणाऱ्या एका रोपाची पाने लाल असतात, म्हणजे लाल रंग उष्णता लवकर शोषत असावा, मग इंधनच लाल करून पाहू. हाताशी आयोडीन होते, ते रॉकेलमध्ये घातले आणि ठोके थांबले! इतर लाल रंगांनी मात्र काहीच साधले नाही. तर्क साफ चुकला होता, तरी वाट सापडली होती.

पुढे सिलिंडरमधला दाब मोजल्यावर दिसले की धक्का ठिणगीच्या आधी नव्हे, नंतर बसतो. प्रज्वलन निर्दोष ठरले. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने एकदम पेटते, हे खरे कारण. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यावर टेट्राएथिल लेड हा उतारा सापडला. निदान अचूक, औषध जहाल. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील शुद्धीकरण कारखान्यात ते तयार करणारे कामगार शिशाच्या विषबाधेने मेले, तरी विक्री कायमची थांबली नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले.

डिझेलचे गणित नेमके उलटे. येथे ठिणगीच नसते; दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटायचे असते. धातू गार असला की ते उशिरा पेटते, तोवर फवारा साचत राहतो आणि मग सगळे एकदम भडकते. पेट्रोल सहज पेटते म्हणून ठोकते, डिझेल पेटायला विलंब लावते म्हणून. म्हणूनच पेट्रोलचा ठोका बहुधा तापलेल्या इंजिनात चढावर ऐकू येतो, डिझेलचा गारठ्यात.

महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून आणलेले जीपचे डिझेल इंजिन येथून फार दूर नसलेल्या इगतपुरीत बनू लागले. त्यात इंग्रज अभियंते हॅरी रिकार्डो यांच्या धर्तीचा भोवरा-कक्ष होता. आवाज सौम्य, पण कक्षाच्या गार भिंती उष्णता शोषून घेत. म्हणून सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापवणे आले. एखादा जळाला की पहाटे खडखड आणि पांढरा धूर ठरलेला. तो मिनिटा-दोन मिनिटांत ओसरला तर चिंता नको.

इतर आवाज कानानेच निवडावे लागतात. हलकी टिक-टिक टॅपेटची. रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. बोदा ठपका येऊन इंजिन तापताच विरला, तर झिजलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत होता असे समजावे. जुने मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावतात, आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून पाहतात : ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर आवाज पडतो, दोष तेथे. माझ्या मते हा प्रयोग मिडग्लेंच्या प्रयोगांच्याच पंक्तीला बसतो.

राहिला तो खोल, जड धब-धब आवाज, जो तापल्यावरही जात नाही आणि एक्सिलरेटर दाबताच वाढतो. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. ‘थंडीचे नॉकिंग’ समजून पाड्यावरचा रुग्ण घेऊन ती जीप घाटात उतरवली, तर रॉड तुटून इंजिन भर रस्त्यात जाम होऊ शकते. असा आवाज आला तर इंजिन बंद करावे आणि रुग्णासाठी दुसरी गाडी बोलवावी.