अंध मुअज्जिन आणि आपले व्यासपीठ

वाचकहो, बिलोलीत नवाब सर्फराज खान यांच्या नावाची जुनी दगडी मशीद आपण जाणताच. तेथील पहाटेची अजान ऐकताना मदीनेतील एक अंध मुअज्जिन आठवावेत. रमजानात हजरत बिलाल यांची अजान रात्र उरली असतानाच होई. खाणेपिणे थांबे ते हजरत इब्ने उम्मे मकतूम यांच्या अजानीने. पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. डोळे लोकांचे, आवाज त्यांचा, आणि त्या आवाजावर साऱ्या नगराचा रोजा! पैगंबरसाहेब बाहेरगावी जात तेव्हा इमामतही त्यांच्याकडे सोपविल्याचे दाखले आहेत. याला दया कोण म्हणेल?

अपंगत्वाच्या अभिमानाचा दिवस बोस्टनमध्ये १९९० साली पाळला गेला. आपल्याकडे वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग व कुष्ठमुक्त कलावंत रंगमंचावर, आणि धडधाकट मंडळी टाळ्या वाजवायला खाली!

३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनी मात्र बहुधा उलट दिसते: पाहुणे व्यासपीठावर, अपंग मुले साहित्यवाटपाच्या रांगेत. येत्या संमेलनात किराअतीचा मान त्यांच्यापैकी कोणाला द्यावयाचा, हे आपण ठरविले आहे काय?