बिंदु-आलेख, धरणविश्लेषणातील

संरचनेच्या गणितीय प्रतिकृतीतील निवडलेल्या बिंदूचे स्थानांतरण, प्रवेग (वेग बदलण्याचे प्रमाण) किंवा प्रतिबल (एकक क्षेत्रावरील अंतर्गत प्रेरणा) काळानुसार कसे बदलते, हे दाखविणाऱ्या वक्रास बिंदु-आलेख म्हणतात. अभियांत्रिकीय सदृशीकरणाच्या संगणक कार्यक्रमांत असे आलेख सर्रास काढले जातात. कोयना धरणाच्या माथ्याचा आलेख हे त्यांचे जगभर अभ्यासले जाणारे एक उदाहरण होय.

कोयनेची नोंद : सातारा जिल्ह्यातील या धरणामागील जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी येथील भूमिगत वीजगृहात उतरते व पुढे वाशिष्ठी नदीस मिळते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी या परिसरात सुमारे ६·३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली व कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण उभे राहिले; मात्र त्याच्या उंच खंडांच्या दोन्ही पृष्ठांवर आडव्या भेगा पडल्या. धरणातील प्रवेगलेखकाने भूकंपाची नोंद केली. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६३ पट, नदीप्रवाहाच्या दिशेने ०·४९ पट व उभ्या दिशेने ०·३४ पट असे कमाल प्रवेग तीत आढळतात. याउलट धरणाचा अभिकल्प करताना सर्व उंचीवर समान असा केवळ ०·०५ हा भूकंप-गुणांक धरलेला होता. हादऱ्याची नोंद आणि धरणाला झालेली इजा या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी उपलब्ध असल्यामुळे कोयना हे विश्लेषणपद्धतींच्या कसोटीचे स्थळ ठरले.

इतिहास : संरचनेचे लहान लहान घटकांत विभाजन करून गणन करण्याच्या रीतीस रे क्लफ यांनी १९६० मध्ये सांत घटक पद्धती हे नाव दिले. अमेरिकेतील नॉरफोर्क या भेग पडलेल्या काँक्रीट धरणाचे विश्लेषण त्यांनी व एडवर्ड विल्सन यांनी त्यानंतर लवकरच केले. अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये कोयनेच्या नोंदीवरून धरणाच्या दोलनांचे गणन प्रसिद्ध केले. वरच्या भागात, विशेषतः अधःप्रवाही पृष्ठाचा उतार जेथे बदलतो तेथे, ताण-प्रतिबले काँक्रीटच्या ताणबलापेक्षा अधिक होतात असे त्यांना आढळले. प्रत्यक्ष भेगाही त्याच सुमारास पडलेल्या होत्या. पुढे भेग पडणारे काँक्रीट प्रतिकृतीत आणण्याचे प्रयत्न झाले. ली व फेनव्हेस यांची १९९८ मधील प्रतिकृती हे त्यांपैकी एक होय. अ‍ॅबॅकस या कार्यक्रमाच्या उदाहरणसंग्रहातही कोयना धरणाचा समावेश आहे.

आलेखाची मांडणी : या उदाहरणात १०३ मी. उंचीचा खंड, सुमारे ९१·७५ मी. खोलीचे पाणी व भूकंपाचे १० सेकंद विचारात घेतात. पाण्याचा गतिकीय परिणाम एच्. एम्. वेस्टरगार्ड यांच्या १९३३ च्या रीतीने वाढीव द्रव्यमानाच्या रूपात मांडतात. आलेखासाठी माथ्याच्या ऊर्ध्वप्रवाही कोपऱ्यातील बिंदू निवडतात, कारण मुख्य दोलनप्रकारात सर्वांत मोठे स्थानांतरण माथ्याचे असते. बिंदू व राशी यांची मागणी सामान्यतः गणनापूर्वीच नोंदवावी लागते. कारण संपूर्ण प्रतिकृतीची उत्तरे जागा वाचविण्यासाठी विरळ अंतराने साठविली जातात व मधली मूल्ये मागाहून मिळत नाहीत.

काळाचे अंतर निवडताना धरणाचा आवर्तनकाल ध्यानात घ्यावा लागतो. तो रिकाम्या जलाशयासाठी सुमारे एक तृतीयांश सेकंद आहे. मूल्ये नेमकी तेवढ्याच अंतराने घेतली, तर डोलणारा माथा प्रत्येक वेळी त्याच अवस्थेत सापडेल व जवळजवळ स्थिर भासेल. यासाठी ०·०१ ते ०·०२ सेकंदाचे अंतर योग्य ठरते.

स्थानांतरण कशाच्या सापेक्ष मोजावयाचे, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. नोंदलेल्या प्रवेगाचे दोनदा संकलन करून जमिनीचे स्थानांतरण काढतात. प्रवेगात प्रति सेकंद प्रति सेकंद केवळ १ सेंमी. एवढी स्थिर चूक राहिली, तरी १० सेकंदांत तिचे ५० सेंमी. होतात. माथ्याचे स्थानांतरण मात्र पहिल्या सुमारे ४ सेकंदांत ३० मिमी. पेक्षा कमीच राहते. म्हणून जमिनीचे स्थानांतरण वजा करून सापेक्ष स्थानांतरणाचा आलेख काढतात. तो केल्यावरच चौथ्या सेकंदानंतर दोलने एकाएकी कशी वाढतात हे दिसते. भेगांची मुख्य वाढही याच अवधीत होते.

मर्यादा : एका बिंदूचा आलेख संपूर्ण धरणाची साक्ष देत नाही. माथ्याच्या वक्रावरून दोलनांचे मान कळते, भेगेचे स्थान कळत नाही. उलटपक्षी, उतार बदलतो त्या कोपऱ्यावरच प्रतिबलाचा बिंदू घेतल्यास निराळी अडचण येते. काँक्रीट केवळ स्थितिस्थापक मानल्यास तेथील प्रतिबल घटक लहान करावेत तसतसे वाढतच जाते. म्हणजे आलेखातील आकडा धरणापेक्षा विभाजनाच्या सूक्ष्मतेवर अवलंबून राहतो. यास्तव कोपऱ्याच्या सभोवती अनेक बिंदू घेतात, किंवा भेग पडताना खर्ची पडणारी ऊर्जा प्रतिकृतीत समाविष्ट करतात. शिवाय द्विमितीय प्रतिकृतीत प्रवाहदिशेचा व उभा असे दोनच घटक येतात. अक्षाच्या दिशेने नोंदलेला सर्वाधिक प्रवेग तीत येत नाही.

कोयना धरणाच्या भेगा नंतर इपॉक्सी रेझिनाने भरण्यात आल्या व उंच खंडांना अधःप्रवाही बाजूने काँक्रीटचे टेकू देण्यात आले. या परिसरात भूकंप अद्यापि होत असल्यामुळे धरणाचे फेरविश्लेषण हा केवळ विद्यार्थ्यांचा सराव नाही. अशा विश्लेषणातील आलेखासोबत बिंदू, संदर्भ, दिशा व कालांतर या चार गोष्टी नमूद केलेल्या असल्या, तरच दुसऱ्या अभियंत्यास तो पडताळून पाहता येतो.