देऊळगावचा 'राजा'

आमच्या गावाचं नाव देऊळगाव राजा. हे सांगितलं, की पुण्या-मुंबईकडचा माणूस हटकून विचारतो, "राजा कोण? तुम्हीच का?" मी नम्रपणे नाही म्हणतो. हा राजा सिंदखेडच्या जाधवरावांच्या घराण्याचा. देवळं काय, गावोगावी असतात. म्हणून तर आमच्या शेजारीच देऊळगाव माही आहे आणि मेहकरकडे देऊळगाव साकर्शा.

फ्रान्सलाही हीच अडचण आहे हे वाचलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. तिथं हजारो गावांची नावं 'सेंट'नं, त्यांच्या उच्चारात 'सँ'नं, सुरू होतात. एकट्या संत मार्टिनच्या नावाची दोनशेहून अधिक गावं! मग प्रत्येकाला शेपूट आलंच: अमक्या नदीवरचं, तमक्या शेतांतलं. आपल्याकडे कारभार उलटा. इथं संतच गावाचं नाव लावतात: शेगावचे गजानन महाराज, शिर्डीचे साईबाबा. अपवाद आमच्याच जिल्ह्यात सापडतो. पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. त्या ठिकाणाला लोक नुसतं 'सैलानी' म्हणतात.

पुढं फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि १७९३ च्या सुमारास पुढाऱ्यांना राजे आणि संत दोन्ही नकोसे झाले. जिथं राजांना पुरत, त्या सँ-दनीचं 'फ्रांसियाद' झालं. समुद्रकाठच्या सँ-त्रोपेचं 'एराक्ले' झालं. पण ही नावं फार टिकली नाहीत. काही वर्षांतच संत मुकाट्यानं आपापल्या गावी परतले.

मला मात्र हसायचा अधिकार नाही. कॉलेजात असताना समतेचं वारं मलाही लागलं होतं. लोकशाहीत राजा कशाला? म्हणून घरच्या पत्त्यातला 'राजा' मी गाळून टाकला. परीक्षा पास झाल्याचं कार्डही तसंच पेटीत टाकलं. ते आधी माहीला गेलं आणि आठ दिवसांनी आमच्या घरी पोचलं. तोवर इकडे आईच्या तोंडचं पाणी पळालेलं. पोरगा नापास झाला, आता जिवाचं काही बरंवाईट करून घेतो की काय, म्हणून रोज पोस्टमनच्या वेळेला ती ओट्यावर येऊन बसायची.

सुट्टीत घरी गेलो, तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "राजाला काढलंस ते काढलंस बाबा, पण आईला का शिक्षा?"

त्यानंतरच्या प्रत्येक कार्डावर 'राजा' ठळक अक्षरांत विराजमान झाला.