गावात मुक्त वसाहत उभी करायची, तर ग्रामसभेच्या आधीच कामाला लागा

माण, खटाव, आटपाडी, जत... कुठल्याही गावाच्या शिवेवर बघा, माळावर चार-दहा पालं दिसतातच. कुणी वैदू, कुणी गोसावी, कुणी डोंबारी. काहींची तिसरी पिढी त्याच माळावर वाढलीय, पण उताऱ्यावर नाव नाही. त्यामुळं घरकुलाच्या यादीत नाव आलं तरी जागेवर येऊन गाडी अडते. कुणी मयत झालं तर माती कुठं द्यायची, इथपासून प्रश्न असतो.

योजना काय आहे?

विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी राज्य सरकारनं 2011 साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. मूळ हिशोब सरळ आहे. 1 हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे जागा आणि 20 कुटुंबं. प्रत्येक कुटुंबाला 5 गुंठे, त्यात 269 चौरस फुटांचं घर आणि उरलेल्या जागेत शेळ्या-कोंबड्या, धंदापाणी. सोबत रस्ता, पाणी, वीज, गटार अशा सोयी. घर विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही. 2018 च्या सुधारणेनंतर वैयक्तिक घरकुलाचाही लाभ मिळतो.

जागा विकत घ्यायची असेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिची मदत आधी 50 हजार होती, आता 1 लाखापर्यंत केली आहे.

अडतं कुठं?

बऱ्याचदा ग्रामसभेत. गायरानाची मालकी सरकारची असली तरी वापर गावाचा, म्हणून गावाचा विरोध असला की फाईल पुढं सरकत नाही. विरोध करणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असं नाही. त्याचं म्हणणं ऐकून घेऊन उत्तर द्यावं लागतं.

*"गायरान गेलं तर जनावरं कुठं चारायची?"* हा प्रश्न खरा आहे. गायरानावरची अतिक्रमणं काढा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2011 रोजी दिला. पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं रीतसर दिलेल्या जागेचा अपवाद त्यातच ठेवलाय. चराईचा पट्टा सोडून गावठाणालगतचा किंवा मुरमाड तुकडा सुचवा. तलाठ्याला सोबत घेऊन, नकाशा पुढ्यात ठेवून बोला.

*"ही माणसं आली की चोऱ्या वाढतील."* हा शिक्का इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं मारला. काही जमातींना त्यांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण संशय गेला नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक जण आपल्या जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले. मोबाईलवरच्या अफवेनं पाच जीव गेले. कायमचा पत्ता असलेला माणूस अनोळखी राहत नाही, हे गावाला पटवून सांगा.

*"मतदान वाढलं की वॉर्डाचं गणित बिघडेल."* हे सभेत उघड कुणी बोलत नाही, पारावर बोलतात. सगळ्या गटांच्या पुढाऱ्यांना एकत्र बसवा. वसाहत एका गटाची झाली की दुसरा गट ती पाडणारच.

तयारी कशी करायची?

पहिलं, कागद. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला. विमुक्त-भटक्यांना दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा मागतात आणि तिथंच गाडी रुतते. शाळेचा जुना दाखला, आजा-पणजाची नोंद आत्तापासून शोधायला लागा.

दुसरं, शाळा. पट कमी झालेल्या जिल्हा परिषद शाळेला 20 घरांतली पोरं म्हणजे आधारच. मुख्याध्यापक आणि अंगणवाडी सेविकेला हे सभेत बोलू द्या.

तिसरं, महिला सभा. ग्रामसभेआधी ती घ्यायची असतेच. पाण्याचं भांडण आधी नळावर होतं, म्हणून वसाहतीच्या पाण्याची सोय कशी होणार ते बायकांना अगोदर सांगा.

चौथं, ग्रामसभा. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी संख्या लागते. ठरावात गट नंबर, क्षेत्र आणि कुटुंबांची यादी स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "जागा द्यावी" लिहिलं तर पुढं कुणीही फाटे फोडतं. मग प्रस्ताव जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात द्या.

आणि पालातल्या माणसांना सभेत पुढं बसवा. त्यांच्या घराचा ठराव त्यांच्या पाठीमागं होऊ नये.