कंपू, पडाव, छावनी : टेंपोतून ऐकलेलं लष्कर

ग्वाल्हेर म्हटलं की आपल्या गोव्याच्या माणसाला आधी गाणं आठवतं. घराणं, ख्याल, तानसेनाची कबर, त्याशेजारची ती चिंच. मला मात्र ग्वाल्हेरचा पहिला सूर ऐकू आला तो स्टेशनाबाहेर, टेंपोच्या मागच्या दांडीला लटकणाऱ्या एका पोराच्या गळ्यातून.

"पडाव, फूलबाग, छावनी, इंदरगंज, बाडा, बाडा, बाडाऽऽ!"

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गोवा एक्सप्रेस वास्कोहून निघते आणि दीडेक दिवसाने, थेट, गाडी न बदलता आपल्याला ग्वाल्हेरला आणून सोडते. मला जायचं होतं जयेंद्रगंजला, एका परिचितांच्या घरी. पत्ता असा : जयेंद्रगंज, लश्कर, ग्वालियर. वर फोनवरून मिळालेली सूचना अशी की, "इंदरगंजला उतरा आणि कुणालाही विचारा." कुठल्या गाडीने जायचं, तिचा नंबर काय, किती वाजता सुटते, यातलं काहीच नाही. कारण नंबरही नव्हता आणि वेळापत्रकही नव्हतं. सहा-आठ माणसं आत कोंबून धावणारा विक्रम टेंपो, आणि त्याची पाटी म्हणजे त्या पोराचा आवाज.

परक्या शहरात सार्वजनिक वाहनात चढणं ही एक परीक्षाच असते. रिक्षा केली की आपण गिऱ्हाईक असतो, बसमध्ये चढलो की आपण त्या गावचे होतो, निदान उतरेपर्यंत तरी. पण त्यासाठी गावाची नावं ठाऊक हवीत. मी कान टवकारून ती नावं ऐकत होतो आणि हळूहळू लक्षात आलं, अरे, ही तर आपलीच नावं आहेत!

पडाव. छावनी, तीही 'शिंदे की छावनी'. बाडा म्हणजे आपला वाडा. दुसऱ्या एका टेंपोतला पोरगा ओरडत होता, "कंपू, कंपू!" हे शहर नव्हे, ही तर फौजेची हजेरी चालली होती.

आणि खरोखरच तसं आहे. ग्वाल्हेर हे एक गाव नाही, तीन आहेत. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर. पूर्वेला मुरार, जिथे इंग्रजांची छावणी होती आणि जी १८८६ साली शिंद्यांना परत मिळाली. आणि किल्ल्याच्या दक्षिणेला लष्कर. महादजी शिंदे १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्या मागून आलेल्या दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून १८१० साली या किल्ल्याखाली तळ दिला. तळ हलायचा होता, तो हललाच नाही. तंबूंच्या जागी घरं झाली, घरांचे वाडे झाले, आणि गावाचं नाव पडलं लष्कर.

तळ इथे स्थिरावण्याआधीचं म्हणजे १८०९ सालचं त्याचं वर्णन ब्रॉटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत करून ठेवलं आहे. तो दौलतरावांच्या फौजेबरोबर हिंडत होता. तळ हलला की सर्वांत पुढे बिनीवाला जायचा. तो जागा निवडून महाराजांच्या डेऱ्यासाठी निशाण रोवायचा. मग त्या निशाणाच्या हिशेबाने एकेका बाजाराचं निशाण लागायचं आणि दुकानं दोन बाजूंना सरळ रांगेत उभी राहायची. उद्या तळ दहा कोस पुढे गेला तरी मांडणी तीच. म्हणजे बघा, हजारो माणसांच्या त्या चालत्या शहरात नवख्या शिपायाने आपला गोट कसा शोधायचा? तर निशाण बघून. आजच्या भाषेत सांगायचं तर ती बसची पाटीच होती.

आता टेंपोतल्या त्या नावांकडे पुन्हा वळू. लष्करात 'निंबालकर की गोठ' आहे, 'चिटनिस की गोठ' आहे. हा गोठ म्हणजे आपला 'गोट', सरदाराने आपल्या माणसांसह उतरण्याची जागा. 'विरोधकांच्या गोटात खळबळ' असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, तोच हा. हुजरात म्हणजे हुजुरात, खुद्द धन्याची फौज. जिन्सी हा शब्द तोफखान्यातला. जयेंद्रगंजाच्या बाजूने जाणाऱ्या राजपायगा रस्त्यातली पायगा म्हणजे घोड्यांची पागा. त्यात पाटणकर बाजार आणि फालका बाजार मिळवा. मग दौलतगंज, जनकगंज, माधवगंज, जीवाजीगंज हे गंज, म्हणजे बाजार. आमचं जयेंद्रगंजही त्याच माळेतलं.

आणि कंपू? या शब्दापाशी गोवेकराने जरा थांबायला हवं. महादजींनी द बॉयन या फ्रेंच भाषक सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. त्या पलटणींना मराठी कागदांत 'कंपू' म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ती सांगताना 'हॉब्सन-जॉब्सन' हा जुना कोश इंग्रजी 'कॅम्प'पेक्षा पोर्तुगीज 'काम्पो'कडे बोट दाखवतो. काम्पो म्हणजे मैदान. पणजीच्या कांपालावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना आता वेगळं काही सांगायला नको! मांडवीकाठचं कांपाल आणि ग्वाल्हेरचा कंपू हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

नुसता शब्दच गेला असं नाही, माणसंही गेली. महादजींच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर हे आपल्या पेडण्याकडच्या केरी गावचे. समुद्रकाठचा हा शेणवी उत्तरेत जाऊन राजपुतान्याच्या लढायांत फौजा हाकत होता. त्या काळी केरीहून ग्वाल्हेरपर्यंतचा रस्ता त्यांनी किती दिवसांत आणि कुणाला विचारत गाठला असेल? आम्ही तर गाडीत झोपून गेलो.

रस्त्यांचा आणि वाहनांचा विषय निघालाच आहे, तर ग्वाल्हेरची आणखी एक गंमत सांगायला हवी. हे संस्थान वाहतुकीच्या बाबतीत हौशी. माधवराव शिंद्यांनी जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवली, ती बघायला प्रवासी आजही जातात. पण त्याच माधवरावांच्या कारकिर्दीत खरी आगगाडीही धावली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची. ती १९०९ मध्ये श्योपूरपर्यंत पोचली. जवळजवळ दोनशे किलोमीटरचा हा चिमुकला मार्ग २०२० पर्यंत चालू होता. त्या वर्षी तो थांबला तो कायमचा, आता तिथे रुंद मार्गाचं काम सुरू झालं आहे.

आणि बस? दिल्लीच्या बसचा इतिहास उघडून पाहा. पहिल्याच पानावर ग्वाल्हेर भेटतं. स्वातंत्र्याच्या वेळी दिल्ली शहरात बस चालवत होती ती 'ग्वालियर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी'. राजधानी झपाट्याने वाढली, कंपनीची सेवा अपुरी पडू लागली, तेव्हा मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली आणि 'दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस' सुरू केली. आजच्या डीटीसीचं मूळ ते. म्हणजे दिल्लीत नव्याने आलेला एखादा निर्वासित किंवा कारकून ज्या बसमध्ये चढत होता, तिच्या नावात हे शहर होतं.

आणि ग्वाल्हेरला स्वतःला काय मिळालं? मध्य प्रदेशचं राज्य परिवहन महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. २००५ मध्ये ते बंद करायचा निर्णय झाला आणि पुढच्या काही वर्षांत ते गुंडाळलं गेलं. दिल्लीकरांना बसमधून फिरवणाऱ्या कंपनीच्या गावात मी उतरलो तेव्हा मला न्यायला आला तो एक धूर ओकणारा टेंपो.

आपल्याकडे १९८० साली कदंब महामंडळ निघालं. त्याला आपण नावं ठेवतो, गाडी वेळेवर नाही म्हणून बोटं मोडतो. पण गावोगाव एक पाटी लावलेली गाडी येते, आणि तिच्या अंगावर एका जुन्या राजघराण्याचं नाव असतं, ही गोष्ट लहान नाही. पाटी म्हणजे परक्या माणसाला दिलेला शब्द असतो. तू कुणीही असलास, कुणाला ओळखत नसलास, तरी तू इथे पोचशील.

पण पाटीपेक्षा आवाज कधी कधी जास्त इमानी असतो, हेही खरं. गोव्यात बसवर रोमी अक्षरांत 'सांक्वेलिम' लिहिलेलं असतं, पण क्लीनर ओरडतो ते 'साखळी'च. पाटीवर 'केपेम', तोंडात 'केपें'. कागदपत्रांनी जी नावं मोडली ती रोजच्या ओरडण्याने शाबूत ठेवली. ग्वाल्हेरात तसंच घडलं आहे. तो टेंपोतला पोरगा मराठी नव्हता. गोट, पागा, हुजुरात यांचा अर्थ त्याला ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. पण तो दिवसातून शेकडो वेळा छावणी मांडत होता.

संध्याकाळी जयेंद्रगंजातल्या त्या घरी चहा घेताना मी हे यजमानांना सांगितलं. कित्येक पिढ्यांचं ग्वाल्हेरी मराठी घर. बोलणं गोड, मध्येच हिंदीचा हेल. ते हसले. म्हणाले, "आमच्या नातवंडांना वाटतं, गोठ म्हणजे गाई बांधायचा गोठा. मराठी घरात बोलतात, पण वाचत नाहीत. आणि आता स्कूटीवर फिरतात, टेंपोत बसतंय कोण?"

तेव्हापासून ही गोष्ट मनात घोळते आहे. नावं पुस्तकात टिकतात असं आपण म्हणतो. पुस्तकात ती जपून ठेवलेली असतात, एवढंच. ती जिवंत राहतात उतारूंमुळे. कुणीतरी रोज "गोठवर थांबव रे" म्हणावं लागतं. प्रत्येकजण स्वतःच्या वाहनात बसून फोनवरच्या निळ्या ठिपक्याच्या मागे जाऊ लागला, तर ते नाव उच्चारायची गरजच उरत नाही. पाटीही नको, आवाजही नको. मग उरतं ते पत्त्यातलं एक अक्षर, आणि पुढे तेही बदलायला कुणाची हरकत नसते.

म्हणून एक विनंती. कधी ग्वाल्हेरला गेलात तर किल्ला बघा, जयविलास बघा, पण एकदा तरी सगळ्यांबरोबर दाटीवाटीने बसून लष्करात जा. टेंपो असेल, ई-रिक्षा असेल, नशिबाने बसही असेल. कुठे जायचं ते तोंडाने सांगा, खणखणीत आवाजात.

मी परतताना तेच केलं. इंदरगंजच्या नाक्यावर उभा राहून हात केला. पोरगा वाकून म्हणाला, "कहाँ?"

"पडाव," म्हणालो. त्याने पुढे सरकायची खूण केली, आणि मला जागा मिळाली.