परसातील झाड आणि सालीचे दुखणे

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवरील मांडवगण फराटा परिसरात उसाच्या फडावर रोज नजर फिरते. परसातल्या आंब्या-पेरूकडे मात्र फांदी वाळल्यावरच लक्ष जाते. शहरातील बंगल्यांच्या अंगणातही स्थिती वेगळी नाही. मग घाईने साल खरवडली जाते, आणि नेमके तेच झाडाच्या जिवावर बेतू शकते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे जाते. हा थर खोडाभोवती संपूर्ण काढला गेल्यास मुळांची उपासमार होऊन झाड मरते.

त्यामुळे आधी निदान महत्त्वाचे. नखाने किंचित खरवडल्यावर आत ओलसर, हिरवट थर दिसल्यास साल जिवंत समजावी. कोरडा, तपकिरी दिसल्यास मृत. पेरूची साल पापुद्र्यांनी निघते, तो रोग नव्हे. करड्या-हिरवट दगडफुलाचे ठिपकेही निरुपद्रवी असतात. ते झाडातून अन्न घेत नाहीत.

बेचक्यात विष्ठा व सालीच्या चुऱ्याची जाळीदार, तपकिरी पट्टी दिसल्यास साल खाणारी अळी आहे, असे समजावे. ती दिवसा बिळात लपते आणि रात्री जाळीखालून साल कुरतडते. आंब्याच्या खोडाला भोक असून बुंध्याशी लाकडाचा भुसा पडत असेल, तर तो भिरूड. या भुंगेऱ्याची अळी थेट लाकूड पोखरते, त्यामुळे हा प्रकार अधिक गंभीर. दोन्हींत भोक साफ करून तारेने अळी मारावी, रॉकेलचा बोळा घालून ओल्या मातीने लिंपावे. जुन्या पत्रकांत सुचवलेल्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

सालीला चिरा पडून डिंक पाझरत असेल आणि फांद्या शेंड्याकडून वाळत असतील, तर बुरशीची शंका घ्यावी. रोगट भागाखालील निरोगी लाकडापर्यंत फांदी छाटून कापावर बोर्डो पेस्ट लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी, हे तिचे प्रमाण. मोरचूद लोखंडी भांड्यात मात्र कालवू नये. प्लॅस्टिकची बादली घ्यावी. लिंबाच्या बुंध्याशी डिंक दिसल्यास आळ्यातील पाणी खोडाला भिडते का, हे सर्वांत आधी पाहावे.