शिरगणती आणि आपला समाज

हिंदुस्थानभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १८८१ सालची. प्रगणक दारी येई, जात विचारी आणि रकान्यात लिहून नेई. १९०१ साली जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार क्रमवारी लावावयास घेतली. त्याबरोबर जातिसभा सरसावल्या आणि वरच्या स्थानासाठी सरकारदरबारी अर्जांचा पाऊस पडला. १९३१ नंतरच्या जनगणनांतून मात्र सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. परिणामी, १९८० साली मंडल आयोगाला इतर मागासवर्गीयांचे ५२ टक्के हे प्रमाण त्या जुन्याच आकड्यांच्या आधारे काढावे लागले. मोजल्याने उतरंड पक्की झाली. न मोजल्याने न्याय मागणाऱ्यांचा पुरावा शिळा झाला. म्हणून कोणताही आकडा स्वीकारताना तो कोणी व कशासाठी मोजला, हे आपण आधी विचारले पाहिजे.